पुतळ्यांच्या माळेतला व्हेनिसचा संत

पुतळ्यांची माळ ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या घरातल्या कोणीतरी ती एकदा उजेडात नेऊन भिंगाखाली धरावी. आज सराफाकडे मिळणाऱ्या माळेतल्या चकत्यांवर बहुधा लक्ष्मी असते. माळ खरोखरच जुनी असेल तर मात्र एखाद्या पुतळीवर वेगळेच चित्र निघू शकते. एक उभी आकृती, तिच्यासमोर गुडघे टेकलेली दुसरी, मध्ये उभी काठी आणि दोघांचेही हात त्या काठीवर. मागच्या बाजूला लंबगोलात उभा असलेला पुरुष, त्याच्या भोवती चांदण्या. कडेने अक्षरे आहेत, पण ती ना देवनागरी ना फारसी.

ही मूळची व्हेनिसची सोन्याची मोहोर, डुकाट. ती पहिल्यांदा पाडली गेली १२८४ साली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. उभा आहे तो व्हेनिसचा रक्षक संत मार्क. गुडघे टेकून त्याच्याकडून निशाण घेणारा तो तिथला निवडून आलेला प्रमुख, ज्याला डोज म्हणत. मागच्या बाजूला येशू ख्रिस्त. १७९७ मध्ये नेपोलियनने ते गणराज्य बुडवले, तोवर पाचशे वर्षे हे चित्र जवळपास बदललेच नाही, कारण दूरदूरच्या बाजारांत लोक ते चित्र ओळखूनच नाणे घेत. युरोपला आपल्याकडचे मिरे हवे होते, कापड हवे होते; आपल्याला हवा असा माल त्यांच्याकडे फारसा नव्हता. मग किंमत सोन्यात आणि चांदीत चुकती व्हायची. ते सोने तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले, सराफांच्या हातून फिरले आणि त्यातले काही बायकांच्या गळ्यात कायमचे राहिले.

ज्या बाईने ती माळ पहिल्यांदा घातली तिला व्हेनिस कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने त्या चित्रात आपल्या ओळखीचे काहीतरी पाहिले असणार. तमिळ प्रदेशात याच मोहोरेला ‘शाणार काशू’ म्हणत. तिथल्या लोकांना ती मधली काठी ताडाचे झाड वाटली आणि गुडघे टेकलेला डोज हा झाडावर चढणारा ताडी काढणारा शाणार वाटला. ज्या घरात उठता-बसता रामाचे नाव, तिथे त्या दोन आकृत्यांत राम आणि त्याचा भक्त दिसणे तितकेच साहजिक. मूळ मोहोरा पुरेनाशा झाल्यावर इथल्या सोनारांनी नकला पाडल्या. त्यांना लॅटिन वाचता येत नव्हते, म्हणून कडेची अक्षरे झाली नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. नकलेची नकल होत गेली तसे चित्रही सैल होत गेले.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी नेमकी हीच गोष्ट प्रयोग करून तपासली होती. १९३२ साली आलेल्या त्यांच्या ‘रिमेम्बरिंग’ या पुस्तकात ते प्रयोग आहेत. एकाने चित्र पाहायचे, मग आठवणीतून काढायचे. ते दुसऱ्याने पाहून आठवणीतून काढायचे. असे पुढे पुढे. सुरुवातीला काढलेले घुबड हातोहाती जाता जाता मांजर झाले. एक परकी लोककथा त्यांनी अशीच सांगायला लावली, तर त्यातले अनोळखी तपशील गळून पडले आणि उरलेल्यांना ओळखीचे कपडे चढले: मूळ कथेतली सीलची शिकार सांगणाऱ्यांच्या तोंडी मासेमारी होऊन गेली. आठवण ही जशीच्या तशी काढून ठेवलेली वस्तू नसते; दर वेळी आठवताना आपण ती नव्याने बांधतो आणि बांधताना हाताशी असलेले सामान वापरतो, असे बार्टलेट यांचे म्हणणे.

घरातल्या जुन्या वस्तूंकडे मी याच नजरेने पाहते. वस्तूबरोबर येणारी गोष्ट पिढीगणिक बदलते; वस्तू मात्र फारशी बदलत नाही. म्हणून आजीने सांगितलेली गोष्ट आणि आजीने दिलेली वस्तू या दोन्ही समोरासमोर ठेवून वाचाव्या लागतात. गोष्टीशिवाय पुतळी म्हणजे वजनावर विकायचे सोने. आणि पुतळी नीट न पाहता नुसती गोष्ट धरून बसलो, तर सातासमुद्रापारचा एवढा मोठा प्रवास आपल्याच गळ्यात लपून राहतो.

दागिन्यांपेक्षाही बोलकी असतात ती भांडी, आणि त्यांच्याकडे आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष केले आहे. माळ्यावर पालथा घातलेला तांब्याचा हंडा, पितळेचे तपेले, परात, घंगाळ, बंब, ओगराळे. हे सगळे खाली काढून गळ्याशी, काठाखाली किंवा बुडाच्या जवळ हात फिरवला तर बोटांना खरखरीत काही लागते. ते नाव. बोहल्यावर चढणाऱ्या मुलीला द्यायच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. कासाराच्या दुकानात भांडे घेतले की बारीक छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन बसलेला माणूस टिंबाटिंबांनी अक्षरे उठवून द्यायचा. पुढे विजेवर थरथरणारी सुई आली आणि अक्षरे सलग, तिरकी, घाईची झाली. अक्षरांची ठेवणच भांड्याचा काळ अंदाजे सांगते.

हा मजकूर वाचायला थोडा सराव लागतो. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून’ असे असेल, तर ते लग्नातले. ‘चि.’ एवढेच आणि मुलाचे नाव असेल, तर बहुधा मुंजीतले किंवा बारशातले. ‘कै.’ आणि ‘स्मरणार्थ’ असेल, तर कोणाच्या तरी माघारी देवळाला किंवा नात्यात दिलेले. साल शकात असेल तर त्यात ७८ मिळवावेत: शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, त्यामुळे जानेवारी ते पाडवा या दिवसांत लग्न झाले असेल तर ७९ मिळवावे लागतात. नुसता ‘श’ आणि पुढे चार आकडे एवढेच असेल, तर तो शकच; पुष्कळ घरांत तो इसवी सन समजला जातो आणि मग पणजीचे लग्न पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे ठरते.

या अक्षरांत एक गोष्ट अशी सापडते जी वंशावळीच्या कागदावर सापडत नाही. आपल्या वंशावळी पुरुषांच्या. त्यात बाई आली तर अमक्याची पत्नी म्हणून, तेही लग्नानंतरच्या नावाने. माहेरचे नाव, माहेरचे गाव, मामाचे आडनाव हे कागदावरून पुसले जाते. भांड्यावर ते राहते, कारण भांडे माहेरहून आलेले असते. मामाने दिलेला हंडा, काकूने दिलेली समई, मावशीने दिलेले पंचपात्र. एकाच घरातली सगळी नावाची भांडी अंगणात मांडून उतरवून काढली, तर चार-पाच पिढ्यांत कुठल्या गावांशी सोयरीक झाली याचा नकाशा हाती येतो. बायकांचा इतिहास कागदावर नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी आपला माळा पाहावा, असे मला फार वाटते.

आईच्या वस्तू मुलीकडे जाण्याला आपल्या जुन्या धर्मशास्त्रातही आधार आहे. विज्ञानेश्वराने साधारण नऊशे वर्षांपूर्वी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. आपल्याकडे वारसाहक्काचे जुने नियम बव्हंशी तिच्यावरून ठरत. तिच्यात स्त्रीधनाचा पहिला वारसा मुलींकडे जातो, त्यातही लग्न न झालेल्या मुलीकडे आधी. जमीन आणि वाडा बापाकडून मुलाकडे, तर पाटल्या, नथ, ठुशी आईकडून मुलीकडे. म्हणजे मुलगी लग्न होऊन जाई तसा तिच्याबरोबर तो दागिना आणि त्याची गोष्टही दर पिढीला घर बदलत राही. दागिन्यांच्या आठवणी एवढ्या विस्कटलेल्या का असतात याचे हे एक मोठे कारण.

दागिना मोडून नवा करण्याची चालही आहेच, आणि ती नेमकी कधी झाली हे विचारले तर देशाच्या इतिहासाचा धागा हाती लागतो. ‘गोठ लढाईच्या वेळी दिले’ असे एखाद्या घरात सांगतात. ती बहुधा १९६२ ची चीनशी झालेली लढाई. तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीत बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले होते. लगेच जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती १९६६ मध्ये उठली. सुवर्णनियंत्रणाचा कायदा मात्र १९६८ मध्ये झाला आणि १९९० मध्ये रद्द झाला. ‘माझ्या लग्नात सोनं कमी कसाचंच मिळालं’ असे कोणी आजी म्हणत असेल, तर लग्नाचे साल कुठल्या तीन-चार वर्षांतले हे बाकी काही न विचारता कळते.

भांडी नाहीशी झाली ती वेगळ्या वाटेने. पितळेला कल्हई लागते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे काही ठेवले की ते कळकते, हिरवट होते, पोटाला बाधते. म्हणून कल्हईवाला दारावर यायचा. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा. नवसागर धातूवरचा गंज-मळ काढतो, त्याशिवाय कथील धरत नाही. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळते, तांब्या-पितळेच्या मानाने फारच लवकर, त्यामुळे भांडे शाबूत राहते आणि कथील पाण्यासारखे पसरते. कापसाच्या बोळ्याने ते एका फिरकीत आतून सगळीकडे लावायचे. हे सगळे काही महिन्यांनी पुन्हा. स्टेनलेस स्टील आले आणि ही कटकट संपली. मग घरोघरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, वजनावर. जुने कपडे घेऊन स्टीलचा डबा देणारी बोहारीण दारात बसली, आणि तिच्या बोचक्यात जरीची लुगडीही गेली. खऱ्या जरीत चांदी असते, तिच्यावर सोन्याचा मुलामा. अशी विटलेली वस्त्रे जाळून, जर गाळून चांदी काढत. किती पैठण्यांचे पदर असे चांदीच्या गोळीएवढे होऊन संपले याची मोजदाद कोण करणार.

त्या काळातल्या बायकांना दोष देणे बरोबर नाही. पाणी भरून हंडा कमरेवर घेणे, चिंच आणि राख लावून परात घासणे हे ज्यांनी केले त्यांनाच स्टीलची सुटका कळली. वाईट याचे वाटते की भांडे मोडीत देताना त्यावरचे नाव कोणी उतरवून ठेवले नाही.

पण सगळ्यांनीच डोळे मिटले नव्हते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, वाद्ये यांवर होता. वज्री म्हणजे आंघोळीत टाचा घासायची. तिच्यावरही कारागिराने मोर, हत्ती बसवलेले. असली वस्तू जपून ठेवावी हे त्या काळात कोणाच्या मनातही येत नव्हते. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. संग्रहालयाला नाव आहे राजा, लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचे. दुसऱ्यांच्या घरांनी टाकून दिलेला वारसा एका बापाने आपल्या मुलाच्या आठवणीसाठी सांभाळला. त्या दालनांत फिरताना मला प्रत्येक वस्तूच्या मागे एक हरवलेले घर दिसते, कारण वस्तू तिथे आहे, पण ती कोणाची होती हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येणार नाही.

कागदांच्या बाबतीत हेच काम विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले. वाईच्या एका वाड्यात सापडलेल्या पत्रांपासून सुरुवात झाली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला, आणि पुढे असे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे आणि पेट्यांतले रुमाल सोडवून त्यांनी मोडी कागद वाचले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते असे कागद एकत्र यावेत म्हणून. आजही कित्येक घरांत देवघराच्या फडताळात मोडी कागद आहेत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवली जात होती. ती येणारी शेवटची माणसे गेली आणि कागद मुके झाले. त्यात इतिहास असेलच असे नाही. कर्जखत असेल, वाटणीचा कागद असेल, घरच्या लग्नातल्या खर्चाची याद असेल. मला विचाराल तर लग्नाची याद कर्जखताहून मोलाची: किती गहू, किती गूळ, आहेर कोणाकोणाचा आला, सारे त्यात.

देवघरातले टाक ही आणखी निराळी जात. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावाचे काम केलेले खंडोबा, भवानी, घोड्यावर बसलेला वीर. हे रोज हातात येतात, पाण्याने धुतले जातात, गंध लागते. त्यामुळे नाक-डोळे झिजत जाऊन शेवटी फक्त उंचवटा उरतो. मग सोनाराकडून टाक उजळून घेतात किंवा नवे करतात. खंडोबाचे टाक जेजुरीला नेऊन देव भेटवून आणण्याची प्रथा अनेक कुळांत आहे. वाटण्या झाल्या की जुने टाक बहुधा थोरल्याकडे राहतात, धाकटे नवे घडवून घेतात. इथे जुनेपणा धातूत नाही. टाक नवा असला तरी कुळ तेच, देव तोच, वारसा अखंड. वस्तू जपण्याचा हा विचार संग्रहालयाच्या अगदी उलटा आहे, आणि दोन्ही मला पटतात.

आठवण तोंडी किती काळ टिकते यावर जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी पुष्कळ लिहिले आहे. बोलण्यातून चालत येणारी स्मृती ऐंशी ते शंभर वर्षे पुरते, म्हणजे एकमेकांशी बोलू शकणाऱ्या तीन-चार पिढ्या, असे त्यांचे मत. त्यापुढे टिकायचे तर लेख हवा, विधी हवा किंवा वस्तू हवी. स्वतःच्या घरात पडताळून पाहा. आजोबांच्या सवयी सांगता येतात, पणजोबांचे एखाद-दुसरे वाक्य. त्यापलीकडे फक्त नाव, तेही श्राद्धात तीन पिढ्यांचा उच्चार करावा लागतो म्हणून. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी मुलांना आपल्या घराण्याबद्दल काय ठाऊक आहे हे पाहण्यासाठी वीस प्रश्न केले होते: आई-बाबांची गाठ कुठे पडली, आजी-आजोबा कुठे वाढले, असले. ज्या मुलांना अधिक माहीत होते, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही अधिक असल्याचे त्यांना दिसले. गोष्टी ऐकल्यामुळे विश्वास आला, की ज्या घरात निवांत बोलणे होते तिथे दोन्ही आपोआप येतात, हे असल्या अभ्यासातून पक्के ठरत नाही. पण बोलणे कशावरून सुरू करायचे, हा प्रश्न घरातल्या जुन्या वस्तू सोडवतात.

‘आजी, जुन्या गोष्टी सांग ना’ म्हटले की ती म्हणते, ‘काय सांगायचं त्यात.’ तिच्या हातात तिची पैठणी द्या, आणि पाहा. ती आधी पदर उलटून बघेल, कारण हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्याइतकाच स्वच्छ असतो. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या काडीने गुंतवून मोर विणलेला असतो, त्यामुळे मागे सुटे दोरे लोंबत नाहीत. मग ती घडीवर पडलेली चीर दाखवेल. मग ती कधी नेसली होती, डाग कशाचा, धाकटीच्या लग्नात कोणी मागितली आणि का दिली नाही, हे ओघाने येईल. त्या वेळी वही जवळ असावी किंवा फोनवर आवाज टिपून घ्यावा.

सांभाळण्याचे साधे नियम आहेत. पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, प्लॅस्टिकमध्ये नको. वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, नाहीतर त्याच रेघेवर रेशीम तुटते. डांबरगोळी जरीला टेकता कामा नये. नावाची भांडी चकचकीत करण्याच्या नादात घासणीने खरवडू नयेत, दर घासण्याला अक्षर उथळ होते. पुसट नाव वाचायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत विजेरी जवळजवळ आडवी धरावी. समोरून न दिसणारी टिंबे सावलीने उठून दिसतात, तेव्हाच फोटो काढावा. पुरात भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत, ओले असतानाच गार स्वच्छ पाण्यात हळूच सुटे करावेत. सांगली-कोल्हापूरकडच्या घरांना हे आता वारंवार कामी येते.

आणि वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी, पेन्सिलीने लिहिलेली, म्हणजे दमट हवेत शाई पसरायची नाही. वस्तू काय, कोणाची, कोणी कोणाला कुठल्या प्रसंगी दिली, हे कोणी सांगितले आणि कुठल्या तारखेला. शेवटचे दोन तपशील लोक गाळतात, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यांवरून गोष्ट किती हातांतून आली ते कळते. मोठी आत्या म्हणाली नथ आजीच्या आईची, धाकटी म्हणाली ती नाशिकला घेतलेली, तर दोन्ही लिहावे, ज्याच्या त्याच्या नावाने. कोण बरोबर हे लगेच ठरवू नये. नथीची घडण, फाशाची जुनी पद्धत, मोत्यांची भोके सुईने पाडलेली की यंत्राने, हे एखादा जुना सराफ पाहून सांगू शकतो. घराच्या वाटण्या होतील तेव्हा नथ एकीलाच मिळेल. चिठ्ठीची नक्कल मात्र सगळ्या भावंडांना देता येते.